औषध पोचलं का, आणि ते कुणी बघितलं?

एका विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता. कोल्हापुरातच एम.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला, फार्मास्युटिक्स घेतलंय, सेमिनारला विषय आलाय "मॉलिक्युलर इमेजिंग आणि ड्रग डिलिव्हरीमधले आघाडीचे शास्त्रज्ञ", सर्च केलं की नुसत्या सायटेशनच्या याद्या येतात, त्यातली कुठली नावं घ्यायची आणि कोल्हापुरात राहून या फील्डमध्ये पुढं काय करता येतं का.

मी न्यूक्लिअर मेडिसिनमधला डॉक्टर आहे, पेट-सीटी आणि गॅमा कॅमेरा, म्हणजे शरीरात दिलेला किरणोत्सारी पदार्थ कुठं गेला ते बाहेरून दाखवणारी यंत्रं, हेच रोजचं काम, त्यामुळं मी इमेजिंगच्या बाजूनं बोलणार हे आधीच सांगतो. पण तुझ्या विषयात ही दोन फील्ड एकत्र आलीत ते चांगलं झालं, कारण माझ्या मते ती वेगळी नाहीतच. ड्रग डिलिव्हरीवाला म्हणतो मी औषध कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवतो, इमेजिंगवाला म्हणतो पोचलं का ते मी जिवंत माणसात दाखवतो. पहिल्याचं खरं खोटं दुसऱ्याशिवाय ठरत नाही. आपल्याकडं कुठल्याही ऊसवाल्याला विचार, रानात ऊस किती उभा होता त्याला कोण विचारत नाही, काट्यावर किती टन भरला ते खरं. तसं तुमचं पार्टिकल साइझ, झेटा पोटेन्शियल, एन्ट्रॅपमेंट, डायलिसिस बॅगमधला रिलीज ग्राफ ही लॅबमधली सगळी मोजमापं रानातली झाली, काटा अजून पुढं आहे. म्हणून सायटेशनवरून नावं उचलू नको. प्रत्येक नावाला एकच विचार, की औषध जिथं जायचं होतं तिथं गेलं का आणि ते या माणसानं कसं बघितलं. मग यादी आपोआप वेगळी तयार होते.

सुरुवात जॉर्ज डी हेवेसीपासून कर. १९२३ मध्ये त्यानं किरणोत्सारी शिसं पाण्यात मिसळून घेवड्याच्या रोपांना दिलं आणि ते मुळात किती, खोडात किती, पानात किती गेलं ते मोजलं. एवढासा प्रयोग, पण एखादा पदार्थ सजीवाच्या आत कुठं जातो हे त्या सजीवाला न बिघडवता अगदी कमी मात्रेत बघता येतं, ही ट्रेसरची कल्पना तिथं पक्की झाली आणि १९४३ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. आजही मी पेशंटला जो एफडीजीचा, म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन लावलेल्या साखरेचा, डोस देतो त्यात साखरेचं प्रमाण इतकं नगण्य असतं की शरीराला पत्ताच लागत नाही, तत्त्व तेच. दुसरं नाव सॉल हर्ट्झ, बॉस्टनचा डॉक्टर. ३१ मार्च १९४१ ला त्यानं थायरॉइडच्या पेशंटला उपचार म्हणून किरणोत्सारी आयोडीन दिलं. थायरॉइड आयोडीन स्वतःच ओढून घेतं, त्यामुळं पोचवायला वेगळी गाडी लागत नाही, आणि तेच आयोडीन बाहेरून मोजताही येतं. आज ज्याला थेरनॉस्टिक्स म्हणतात, म्हणजे ज्या रेणूनं बघायचं त्याच रेणूनं मारायचं, त्याची सुरुवात ही. सेमिनारमध्ये थेरनॉस्टिक्सला "इमर्जिंग फील्ड" म्हणू नको, ऐंशी वर्षं जुनं आहे ते.

आता एफडीजी. इथं मी जरा थांबणार, कारण यात तुझ्या कामाचं लई आहे.

कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त खातात हे ऑटो वारबुर्गनं १९२० च्या दशकात दाखवलं होतं. लुई सोकोलॉफनं मेंदूतला ग्लुकोजचा वापर मोजण्यासाठी डिऑक्सीग्लुकोज वापरलं, ते पेशीत शिरतं, हेक्झोकायनेज त्याला फॉस्फेट लावतं, पण पुढच्या पायरीला जाता येत नाही म्हणून आतच अडकून राहतं. त्यावर फ्लोरिन-१८ बसवायचं काम अमेरिकेतल्या ब्रुकहेवन लॅबमध्ये झालं, आल्फ्रेड वुल्फ, जोआना फाउलर आणि तिथं आलेला जपानी केमिस्ट तात्सुओ इडो. ऑगस्ट १९७६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी ते पहिल्यांदा माणसाला दिलं, आणि ते फिलाडेल्फियाला विमानानं न्यावं लागलं होतं कारण फ्लोरिन-१८ ची हाफ-लाइफ ११० मिनिटं, म्हणजे दर ११० मिनिटांनी ते निम्मं होतं. स्कॅनरच्या बाजूला मायकेल फेल्प्स, एडवर्ड हॉफमन आणि मिशेल टेर-पोगोसियन, सेंट लुईसमध्ये १९७३ ते ७५ च्या दरम्यान. ही नावं सगळ्या याद्यांत असतात. ज्याचं नाव नसतं तो कुर्ट हामाखर, जर्मनीत युलिशचा. १९८६ मध्ये त्यानं कोएनेन आणि श्टोकलिन यांच्याबरोबर एफडीजी बनवायची अशी पद्धत काढली की उत्पादन कितीतरी वाढलं आणि ऑटोमॅटिक मशीनमध्ये बसेल इतकी ती सुटसुटीत झाली. आज जगभर जे एफडीजी बनतं ते मुख्यतः त्याच रस्त्यानं. तू फार्मसीवाली आहेस, तू हे नाव घ्यायलाच पाहिजे, कारण कल्पना कितीही भारी असली तरी ती रोज सकाळी शंभर ठिकाणी बनवता येईल अशी केमिस्ट्री कुणीतरी करावी लागते, आणि त्या माणसाला नोबेल मिळत नाही.

११० मिनिटं म्हणजे काय ते कोल्हापुरात बसल्यावर कळतं. फ्लोरिन-१८ बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, ज्या गावात नाही तिथं डोस रस्त्यानं येतो. पुण्याच्या बाजूनं निघाला आणि प्रवास, कागदपत्रं सगळं धरून साडेपाच तास गेले तर तीन हाफ-लाइफ झाल्या, म्हणजे निघताना होता त्याचा आठवा हिस्सा उरला. मुंबईहून सव्वासात-साडेसात तास धर, सोळावा हिस्सा. पेशंटला ८ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) द्यायचे असतील तर पुण्यात ६४ भरावे लागतात, मुंबईत १२८. खंबाटकीत ट्रॅफिक जाम झाला की आमच्या यादीतला शेवटचा पेशंट दुसऱ्या दिवसावर जातो. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला होता, अशा वेळी पेट स्कॅन नावाची गोष्टच या शहरासाठी बंद असते, कारण स्टॉक करून ठेवायची सोय निसर्गानंच ठेवलेली नाही. शिशाचं जड भांडं उघडायचं, व्हायल चिमट्यानं उचलून डोस कॅलिब्रेटरमध्ये ठेवायची, आकडा वाचायचा, घड्याळ बघायचं आणि तिथंच ठरवायचं की आज किती जणांचं होणार. ड्रग डिलिव्हरीचा अगदी पहिला टप्पा हाच, औषध पेशंटच्या गावापर्यंत पोचणं, आणि पुस्तकात याच्यावर एक ओळ नसते.

डोस आत गेल्यावर तो कुठं जातो हे अजून इंटरेस्टिंग आहे. सहा तास उपाशी या म्हणून सांगितलेलं असतं, तरी कुणीतरी सकाळी अर्धा कप चहा घेऊन येतो, साखर घातलेला, आणि त्याला ते खाणं वाटतच नाही. इन्सुलिन वाढलं की एफडीजी सगळं स्नायूंत आणि हृदयात जातं, गाठ फिकी दिसते. तालमीत जाणारा पेशंट असेल तर आदल्या दिवशी जोर-बैठका मारू नका म्हणून बजावून सांगावं लागतं, नाहीतर मांड्या आणि खांदे असे चमकतात की बाकी काही वाचता येत नाही. डोस दिल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं, त्यात कुणी तोंडात तंबाखू धरून चघळत बसला की जबड्याचे स्नायू उजळतात, आणि ज्याला तोंडाच्या कॅन्सरसाठीच पाठवलंय त्याच्या बाबतीत हे किती नडतं ते तूच विचार कर. खोली जास्त गार असली की मानेतली ब्राऊन फॅट, म्हणजे अंग गरम ठेवणारी चरबी, पेटते आणि ती लिम्फ नोडसारखी दिसते. सांगायचं हे की रेणू तोच, डोस तोच, पेशंटची अवस्था बदलली की तो जायची जागा बदलते. तुमच्या फॉर्म्युलेशनच्या पेपरात "टार्गेटेड" हा शब्द इतक्या सहज येतो, पण शरीर काय गप्प बसून वाट बघत नसतं.

संजीव सॅम गंभीर यांच्यावर एक पूर्ण स्लाइड ठेव. जन्म १९६२, अंबाला, लहानपणीच अमेरिकेत गेले, यूसीएलएला मेडिसिन आणि गणित दोन्ही केलं, नंतर स्टॅनफर्डला मॉलिक्युलर इमेजिंगचा मोठा प्रोग्राम उभा केला. त्यांचं मला सगळ्यात आवडणारं काम म्हणजे रिपोर्टर जीन. जीन थेरपी किंवा सेल थेरपी दिली की प्रश्न तोच राहतो, त्या पेशी गेल्या कुठं आणि जिवंत आहेत का. त्यांच्या ग्रुपनं हर्पिस व्हायरसचा थायमिडिन कायनेज जीन वापरला, ज्या पेशीत तो जीन चालू आहे तीच पेशी ठराविक पेट ट्रेसर अडकवून ठेवते, म्हणजे पेटवर दिसतं ते पेशीचं काम, नुसती जागा नाही. २००९ मध्ये मेंदूच्या ट्यूमरच्या एका पेशंटमध्ये दिलेल्या टी-सेल्स अशा रीतीनं बघितल्याचं त्यांनी सहकाऱ्यांबरोबर छापलं. सीएआर-टीच्या, म्हणजे टी-सेल्स बदलून कॅन्सरवर सोडायच्या, आजच्या काळात हे वाचलं की किती आधी विचार केला होता ते कळतं. कॅन्सर लवकर पकडणं हाच त्यांचा ध्यास होता, आणि त्यांचा किशोरवयीन मुलगा २०१५ मध्ये ग्लायोब्लास्टोमानं गेला, पुढं १८ जुलै २०२० ला ते स्वतः कॅन्सरनं गेले. मुलगा गेल्यावरही ते त्याच कामात राहिले, याबद्दल मला मनापासून आदर आहे.

राल्फ वाइसलेडर, बॉस्टन. त्याचं १९९९ चं काम बघ, असा प्रोब जो इंजेक्शन दिल्यावर अंधारातच असतो आणि गाठीतल्या प्रोटिएज या एन्झाइमनं त्याला कापलं की मगच चमकतो. म्हणजे सगळीकडं पसरला तरी दिसतो फक्त कामाच्या जागी. २००३ मध्ये त्याच हॉस्पिटलच्या ग्रुपनं आयर्न ऑक्साइडचे नॅनोपार्टिकल देऊन प्रोस्टेट कॅन्सरमधले लिम्फ नोड एमआरआयवर वेगळे ओळखून दाखवले. नॅनोपार्टिकल औषध न वाहता नुसतं बातमी आणण्यासाठीही वापरता येतो, हे त्यातून शिकण्यासारखं. जीएफपीवाले, म्हणजे हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनवाले, शिमोमुरा, चाल्फी आणि चिएन (२००८ चं नोबेल) एका ओळीत आटप, ते सगळ्यांनाच माहीत आहेत.

आता तुझी बाजू. रॉबर्ट लँगरशिवाय सेमिनार होणार नाही हे खरं आहे, पण त्याच्याबद्दल "१००० पेक्षा जास्त पेटंट" वगैरे सांगत बसू नको. १९७६ चा नेचरमधला लँगर आणि जुडा फोकमन यांचा पेपर घे. तोपर्यंत लोक म्हणायचे की प्रोटीनसारखे मोठे रेणू पॉलिमरमधून हळूहळू सुटणार नाहीत, यांनी ते सोडून दाखवले. त्याच विचारसरणीतून पुढं जगभरात जे आलं त्याचं एक रोजचं उदाहरण म्हणजे ल्युप्रोलाइडचं महिन्यातून एकदा घ्यायचं डेपो इंजेक्शन, १९८९ पासून अमेरिकेत मान्यता आहे, आणि प्रोस्टेटच्या पेशंटला आपल्याकडं सर्रास देतात. माझ्याकडं स्कॅनला येणाऱ्या कितीतरी आजोबांच्या फाइलमध्ये ते लिहिलेलं असतं, दंडावर किंवा पोटावर महिन्याची सुई, बाकी दिवस मोकळे.

लायपोसोमची गोष्ट मात्र तू आपल्या बाजूनं सांग. ॲलेक बँगहॅमनं १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये लिपिडचे, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे, हे सूक्ष्म फुगे ओळखले, ग्रेगोरी ग्रेगोरियाडिसनं त्यात औषध भरायचा विचार पुढं नेला, ही झाली पुस्तकातली ओळ. आपल्याकडं बिमल कुमार बच्छावत यांनी लायपोसोमवर मोठं काम केलं आणि त्यांच्या दिल्लीच्या ग्रुपबरोबर मुंबईत केईएम हॉस्पिटलच्या डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन हे बुरशीवरचं औषध प्रत्यक्ष पेशंटपर्यंत आणलं, परदेशी ब्रँडपेक्षा वेगळं, इथं विकसित झालेलं. २०२१ ची म्युकरची लाट आठवते ना, कोल्हापुरात नातेवाईक चिठ्ठ्या घेऊन मेडिकल ते मेडिकल आणि कलेक्टर ऑफिसपर्यंत पळत होते ते याच इंजेक्शनसाठी. साधं ॲम्फोटेरिसिन हुडहुडी भरवतं आणि किडनीला मार देतं म्हणून दिवसाला किलोमागं १ मिलिग्रॅमच्या आसपास थांबावं लागतं. लायपोसोममध्ये घातलं की तेच औषध ५ मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० च्या सहा व्हायल, रोज, कितीतरी आठवडे. म्हणून तुटवडा एवढा भयानक होता. ड्रग डिलिव्हरी म्हणजे काय हे सांगायला तुला याहून जवळचं उदाहरण मिळणार नाही, औषध बदललं नाही, फक्त ते किडनीकडं जायचं कमी झालं.

बारेनहोल्झ आणि गॅबिझोन, जेरुसलेम, डॉक्सिल. १९९५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएची मान्यता, पहिलं नॅनो-औषध म्हणून ओळखलं जातं. पेग नावाचं पॉलिमर लावलेल्या लायपोसोममध्ये डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं औषध, हृदयाला होणारा त्रास कमी झाला. पण हे पुढचं विसरू नको, तळहात-तळपायाची कातडी लाल होऊन सोलायला लागली, हँड-फूट सिंड्रोम. म्हणजे औषध हृदयातून हटलं आणि कातडीत जाऊन बसलं. पोचण्याचा पत्ता बदलतो तेव्हा साइड इफेक्टचाही बदलतो.

आणि मग येतात हिरोशी माएदा. १९८६ मध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी जपानमधून लिहिलं की ट्यूमरच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात आणि तिथला निचरा खराब असतो म्हणून मोठे रेणू तिथं साठतात, यालाच ईपीआर इफेक्ट म्हणतात. तुमच्या प्रत्येक नॅनो प्रोजेक्टच्या इंट्रोडक्शनमध्ये हे वाक्य असतं. माएदा मोठा माणूस होता, त्याचं स्मँक्स हे औषध जपानमध्ये लिव्हर कॅन्सरसाठी वापरातही आलं. पण त्याच्यानंतर हजारो लोकांनी ते वाक्य तपासल्याशिवाय कॉपी केलं, आणि इथं मला इमेजिंगवाल्यांचा अभिमान वाटतो कारण तपासलं त्यांनी. लंडनच्या हॅमरस्मिथमध्ये केविन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी पेग लायपोसोमला किरणोत्सारी इंडियम-१११ लावून खऱ्या पेशंटना दिलं आणि गॅमा कॅमेऱ्याखाली बघितलं, २००१ चा पेपर आहे. १७ पैकी १५ जणांत गाठ दिसली, म्हणजे ईपीआर माणसात आहे हे खरं. पण गाठीत गेलेला हिस्सा दिलेल्या डोसच्या साधारण ०.५ ते ३.५ टक्के. आणि डोकं-मानेच्या (हेड-नेक) गाठीत गाठीच्या किलोमागं भरपूर, ब्रेस्टच्या गाठीत त्याहून कितीतरी कमी. एकाच औषधाचं, एकाच हॉस्पिटलमध्ये. पुढं २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरेन चॅनच्या ग्रुपनं दहा वर्षांतले प्राण्यांवरचे पेपर गोळा करून हिशोब मांडला, ट्यूमरपर्यंत पोचणारा हिस्सा मीडियन (मधला आकडा) ०.७ टक्के. हजारातले सात कण. बाकीचे मुख्यतः लिव्हर आणि प्लीहा खातात. २०२० मध्ये त्याच ग्रुपनं असंही दाखवलं की जे थोडे आत जातात तेसुद्धा बहुतेक गळक्या फटींतून नाही, रक्तवाहिनीच्या पेशींतून सक्रियपणे नेले जातात.

०.७ वर लई भांडणं झाली, गणित कसं केलं, कुठला काळ धरला वगैरे, आणि काही आक्षेप बरोबरही आहेत. तरी माझं मत असं की हा आकडा तुझ्या सेमिनारच्या मध्यभागी पाहिजे. उंदरात रिझल्ट चांगले का येतात तेही याच्याशी जोडलेलं आहे, २० ग्रॅमच्या उंदराला १ ग्रॅमची गाठ म्हणजे वजनाच्या ५ टक्के, ६० किलोच्या माणसात तेवढी म्हणजे ३ किलोची गाठ झाली, तीही काही आठवड्यांत वाढलेली. अशी गाठ घेऊन कोण येत नाही आमच्याकडं.

पीटर कलिस, व्हँकूव्हर, याच लिव्हरच्या अडचणीतून पुढं गेलेल्या लोकांपैकी. लिपिड नॅनोपार्टिकल रक्तात गेला की त्याला अपोलिपोप्रोटीन ई चिकटतं आणि लिव्हर त्याला उचलून घेतं. मग आजारच लिव्हरमध्ये बनणाऱ्या प्रोटीनचा घ्या ना, म्हणून पॅटिसिरान, २०१८ मध्ये मान्यता, पहिलं आरएनएआय औषध, म्हणजे जीनचा संदेश बंद पाडणारं. दोन-तीन वर्षांत त्याच प्रकारच्या लिपिडमध्ये एमआरएनए लस आली. कारिको आणि वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं ते आरएनएच्या बदलासाठी, आणि मिळायलाच पाहिजे होतं, पण त्या आरएनएला पेशीत नेणाऱ्या लिपिडवाल्यांचं नाव तू फार्मास्युटिक्सची विद्यार्थिनी म्हणून तितक्याच जोरात घे.

दोन्ही बाजू एकाच रेणूत घातलेलं एक नाव, हिसाताका कोबायाशी, अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमधला. अँटिबॉडीला आयआर७०० नावाचा रंग लावला, तो गाठीवर जाऊन बसतो, चमकून दाखवतो, आणि बाहेरून निअर-इन्फ्रारेडच्या जवळचा प्रकाश टाकला की तीच पेशी फुटते. २०११ ला छापलं, २०२० मध्ये जपाननं हेड-नेक कॅन्सरसाठी मान्यता दिली. तंबाखू, मावा आणि मिश्रीच्या आपल्या पट्ट्यात ज्या कॅन्सरनं एवढी माणसं जातात त्याच्यावर आहे हे, म्हणून मी त्याच्याकडं लक्ष ठेवून असतो.

ल्युटेशियमचं, म्हणजे उपचारासाठीच्या किरणोत्सारी धातूचं, थोडक्यात. बर्नचे रॉयबी यांनी सोमॅटोस्टॅटिन हे हॉर्मोन जिथं चिकटतं ते रिसेप्टर गाठींत दाखवले, रॉटरडॅमचे क्रेनिंग यांनी त्यावर आधी स्कॅन आणि मग ल्युटेशियम-१७७ ची थेरपी उभी केली, हायडेलबर्गच्या लोकांनी प्रोस्टेटसाठी पीएसएमए या गाठीवरच्या प्रोटीनवर तेच केलं. आधी गॅलियम या स्कॅनच्या किरणोत्सारी धातूनं बघायचं, दिसलं तरच ल्युटेशियम द्यायचं. यात डोळे झाकून औषध मारणं नाही, म्हणून मला हा सगळ्यात प्रामाणिक प्रकार वाटतो. आणि यात भारत मागं नाही. परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर बीएआरसीनं (भाभा अणुसंशोधन केंद्र) १९६३ मध्ये सुरू केलं, देशातलं पहिलं मेडिकल सायक्लोट्रॉन २००२ मध्ये तिथंच आलं, ल्युटेशियम ट्रॉम्बेच्या ध्रुव रिॲक्टरमध्ये बनतं. मीरा व्यंकटेश, एम. आर. ए. पिल्लई, शर्मिला बॅनर्जी ही बीएआरसीमधली रेडिओफार्मास्युटिकल्सची नावं आणि पेशंटच्या बाजूला डॉ. संदीप बसू, यांना तुझ्या स्लाइडमध्ये लँगरच्या शेजारी जागा दे. ल्युटेशियमची हाफ-लाइफ साडेसहा दिवसांच्या वर आहे, त्यामुळं खंबाटकीचा जाम त्याला फारसा नडत नाही.

कोल्हापुरात काय करता येईल. पूर्ण करिअर इथंच बसून होईल असं मी म्हणणार नाही, पण सुरुवात इथं नक्की होते. शिवाजी विद्यापीठात नॅनोसायन्सचं काम चालतं, फिजिक्सचे डॉ. एस. एच. पवार पुढं डी. वाय. पाटील विद्यापीठात गेले आणि त्यांच्या ग्रुपनं मॅग्नेटिक नॅनोपार्टिकल आणि हायपरथर्मियावर, म्हणजे उष्णतेनं गाठ मारण्यावर, बरंच छापलंय, ते इथं बसून केलेलं काम आहे. पुढं पीएच.डी.साठी माटुंग्याची केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आयसीटी (वंदना पत्रावळे, पद्मा देवराजन यांची कामं वाच), आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियलचं खारघरचं ॲक्ट्रेक, आणि रेडिओफार्मसीच आवडली तर बीएआरसी. टेक्नॉलॉजिस्टचा रस्ता हवा असेल तर परळच्या त्याच सेंटरचे कोर्स बघ, पात्रता जाहिरातीत नीट बघून घे.

आणि तुझ्या थीसिसबद्दल, तू विचारलं नाहीस तरी सांगतो. तुझं फॉर्म्युलेशन लायपोसोम किंवा नॅनोपार्टिकल असेल तर त्याला टेक्नेशियम-९९एम लावून सशात गॅमा कॅमेऱ्याखाली बघणं भारतात होत आलेलं आहे, दिल्लीच्या इन्मास या न्यूक्लिअर मेडिसिनच्या संशोधन संस्थेबरोबर कितीतरी फार्मसी कॉलेजांनी केलंय. हाफ-लाइफ सहा तास, जनरेटरमधून रोज सकाळी काढता येतं, स्टॅनस क्लोराइडनं रिड्यूस करून लेबल करतात, आणि आयटीएलसी या तपासणीच्या पट्टीवर लेबलिंग किती टक्के झालं ते बघायचं. ॲनिमल एथिक्सची परवानगी आणि एईआरबीचं (अणुऊर्जा नियामक मंडळ) लायसन्स असलेली जागा, दोन्ही पाहिजेच, त्यात पळवाट नाही. गाइडना आत्ताच विचार, परवानग्यांना वेळ जातो.

पहिली इमेज आली की गाठ शोधायच्या आधी तीन ठिकाणं बघ. थायरॉइड आणि जठर चमकत असेल तर लेबल सुटलंय, ते फ्री परटेक्नेटेट, म्हणजे पार्टिकलपासून सुटं झालेलं टेक्नेशियम, आहे, तुझ्या पार्टिकलबद्दल ती इमेज काहीच सांगत नाही. फुफ्फुसं चमकली तर पार्टिकल गोळा होऊन केशवाहिन्यांत अडकलेत, झेटासायझरवर साइझ कितीही छान आलेली असू दे. लिव्हर आणि प्लीहा चमकणारच, तिथं फक्त किती ते मोज, आणि तो आकडा थीसिसमध्ये गाठीच्या आकड्याच्या शेजारी लिही, खाली अपेंडिक्समध्ये नको.